हप्ते फिटले म्हणजे बोजा उतरला असं नाही

निफाड तालुक्यातल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. संगमनेरच्या एका गृहस्थांकडून 2019 ची बोलेरो पिकअप त्यांनी 4 लाख 60 हजारांना ठरवली. 50 हजार इसार दिला, तोही रोख, पावतीशिवाय. आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव आहे, म्हणजे गाडीवर तिच्या कर्जाचा बोजा आहे. मालक म्हणतात, हप्ते केव्हाच फिटले, एनओसी, म्हणजे कंपनीचं ‘आमची हरकत नाही’ असं पत्र, पंधरा दिवसांत येईल; तोवर 500 च्या स्टॅम्पवर नोटरी करू, नाव बदलण्याच्या 29-30 च्या फॉर्मवर सह्या देतो, गाडी घेऊन जा. कांदा काढणीला आलाय. बाकीचे पैसे द्यावेत का?

नाही. एनओसी हातात येईपर्यंत मालकांना एक रुपयाही नाही. अशी पत्रं मला इतकी येतात की फक्त गाडीचं मॉडेल आणि तालुका बदलतो.

इंजिन, पाटे, पासिंग, थकलेली चलनं हे तुम्हाला कळतं. गाडी कुठे अडते ते सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 51 म्हणतं की आरसीवर बोजा असेल तर फायनान्सरच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होणार नाही. नोटरीने कितीही शिक्के मारले तरी आरटीओ एनओसी आणि बोजा उतरवण्याचा सही-शिक्क्याचा फॉर्म 35 मागणारच. नोटरीचा कागद व्यवहार झाल्याचा पुरावा आहे, पण त्याने बोजा उतरत नाही.

आता मालकांना विचारा: हप्ते केव्हाच फिटले, तर एनओसी अजून का नाही? कधी कारण साधं असतं, दंडव्याजाचे पाच-दहा हजार राहिलेले असतात आणि खातं बंदच झालेलं नसतं. मला भीती दुसऱ्या कारणाची आहे. बहुतेक कर्जकरारांत बारीक अक्षरात एक कलम असतं: कर्जदाराकडून कंपनीला दुसऱ्या कुठल्याही खात्यात येणं असेल, किंवा तो कुणाला जामीन असेल, तर तेही फिटेपर्यंत ही गाडी तारण राहील. म्हणजे मालकांनी पिकअपचा हप्ता न हप्ता भरला असला, तरी त्याच कंपनीकडच्या भावाच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला ते जामीन असतील आणि भावाचे हप्ते थकले असतील, तर एनओसी अडकते. पंधरा दिवस नव्हे, पंधरा महिनेही. असं कलम किती टिकतं यावर वाद घालता येतो. पण तो मालकांनी कंपनीशी घालायचा, तुमच्या पैशांवर नाही.

कुणी सांगेल, रिझर्व्ह बँकेने 2023 मध्ये नियम केलाय, 30 दिवसांत कागद दिले नाहीत तर रोज 5 हजार भरपाई. तो नियम वैयक्तिक कर्जांचा आहे. मालवाहू गाडीचं कर्ज धंद्याचं, असं कंपनी म्हणणार. त्यावर विसंबू नका.

बोजा असताना गाडी नेलीत आणि पुढे कंपनीची माणसं ती ओढून घेऊन गेली, तर तुमच्याकडे मालकांविरुद्ध पैसे परत मागण्याचा हक्क तेवढा उरतो. ग्राहक आयोगात जाता येणार नाही, कारण मालक गाड्यांचे व्यापारी नाहीत. पोलीस बहुधा ‘दिवाणी प्रकरण आहे’ म्हणतील. आणि दिवाणी दाव्यात पहिल्या साक्षीपर्यंत पोहोचायला किती उन्हाळे लागतात, ते गावात कुणालाही विचारा. त्यात तुमच्याकडे 50 हजारांची चिठ्ठीसुद्धा नाही. गोणीभर कांदा विकला तरी बाजार समितीत पट्टी घेता ना? मग इथे का नाही घेतली?

व्यवहार करायचाच असेल तर मालकांबरोबर स्वतः फायनान्सच्या शाखेत जा. नुसता हप्त्यांचा उतारा घेऊ नका. खातं बंद झाल्याचं पत्र मागा, आणि इतर कर्ज किंवा जामीनकी निघते का तेही तिथेच विचारायला लावा. थोडी बाकी असेल तर ती तुमच्या खात्यातून थेट कर्जखात्यात भरा आणि किमतीतून वजा करा. मालकांच्या हातात देऊ नका. एनओसीवर बहुधा तीन महिन्यांची मुदत छापलेली असते, तेव्हा ती आली की लगेच बोजा उतरवणं आणि नाव चढवणं एकत्रच करा. मोठी रक्कम अर्ज दाखल होईल त्या दिवशी, बँकेतूनच द्या.

मालक कुरकुरले तर 2018 चा सर्वोच्च न्यायालयाचा नवीन कुमार निकाल त्यांच्या कानावर घाला: आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्या अंगावर, गाडी मग कितीही हात फिरलेली असो. विम्यातला तिसऱ्या व्यक्तीचा भाग गाडीबरोबर तुमच्याकडे येतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा आपोआप येत नाही, त्यासाठी 14 दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करा. परमिट लागतं का ते आरसीवरचं एकूण वजन बघून ठरवा. 3000 किलोच्या आत असेल तर सहसा लागत नाही.

या हंगामात कांदा भाड्याच्या गाडीने लासलगावला न्या. आणि आजच मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा, ‘अमुक तारखेला पिकअपच्या इसारापोटी तुम्हाला 50 हजार रोख दिले, मिळाल्याचं कळवा.’ उत्तर आलं की त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. नाही आलं, तर माझ्याकडे गाडीसाठी नको, त्या 50 हजारांच्या नोटिशीसाठी या.