आई-बाबांशी व्हिडिओ कॉल: आधी एवढं करा

घरात जुना कॉम्प्युटर चालतोय ना? मग नवा घेऊ नका. ७२०पीचा (हे चित्राच्या स्पष्टतेचं माप) साधा यूएसबी वेबकॅम, म्हणजे कॉम्प्युटरला वायरने जोडायचा कॅमेरा, पुरतो; फक्त त्यात माइक आहे का ते खोक्यावर वाचून घ्या. पाठीमागे खिडकी आली की चेहरा काळा पडतो, म्हणून आईला खिडकीकडे तोंड करून बसवा.

तुमचाच आवाज घुमून परत येतोय? तिकडच्या स्पीकरचा आवाज तिकडच्याच माइकमध्ये शिरतोय. हेडफोन तुम्ही नाही, त्यांनी लावायचा. इथेच बहुतेक जण चुकतात!

चित्रच दिसत नसेल तर बऱ्याचदा कॅमेरा दुसऱ्या अ‍ॅपने धरून ठेवलेला असतो. ते बंद करा. नेट अडखळलं तर व्हिडिओ बंद करून नुसतं बोला.

नातवंडं न्यूयॉर्कला असतील तर आपले रात्रीचे ८ म्हणजे तिथे उन्हाळ्यात सकाळचे १०:३०, हिवाळ्यात ९:३०.