ट्रायजेमिनल श्वानोमा: आधी आईंचा डोळा तपासून घ्या

ताई, आईंचा उजवा गाल वर्षभर बधिर आहे, एमआरआयमध्ये २.१ सेंमीचा ट्रायजेमिनल श्वानोमा निघाला, आणि हा कॅन्सर आहे का, लगेच ऑपरेशन करावं का, असं तुम्ही विचारलंय. माझी हीच गाठ आठ वर्षांपूर्वी सापडली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा कॅन्सर नव्हे. नसेचं आवरण बनवणाऱ्या श्वान पेशींची ही गाठ, जवळजवळ नेहमीच साधी आणि सावकाश वाढणारी. कवटीतले बहुतेक श्वानोमा ऐकण्याच्या आणि तोलाच्या आठव्या नसेवर होतात. पाचव्या, म्हणजे ट्रायजेमिनल नसेवरचा इतका दुर्मिळ, की कवटीतल्या दोनशे गाठींत जेमतेम एखादा. माझी तर दुखणं दातांचं समजून एक धडधाकट दाढ काढली गेली.

आता खरं सांगायचं ते. पाचवी नस कपाळ-डोळा, गाल आणि जबडा अशी तिन्हीकडे जाते. डोळ्याकडची फांदी बधिर झाली की कचरा गेलेला कळतच नाही. एकदा स्कूटरवरून घरी आलो, आरशात पाहतो तर डावा डोळा लालभडक. बुबुळावर ओरखडा होता आणि मला काही दुखत नव्हतं! डोळ्यांच्या डॉक्टरांनी कापसाची बारीक वात करून बुबुळांना टेकवली. उजवीकडे पापण्या फटकन मिटल्या, डावीकडे वात लावली तर ढिम्म. आईंची ही तपासणी याच आठवड्यात करून घ्या, न्यूरोसर्जनच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

उपचारांचं म्हणाल तर गाठ मेंदूच्या देठावर दाबत नसेल तर सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय करून थांबता येतं. वाढत असेल आणि साधारण ३ सेंमीच्या आत असेल तर गॅमा नाइफ, म्हणजे चिरफाड न करता गाठीवर नेमके किरण सोडणं; मोठी किंवा दाबणारी असेल तर ऑपरेशन. गाठ कवटीच्या तळाच्या एकाच खळग्यात आहे की डंबेलसारखी शेजारच्या खळग्यातही गेलीय, आणि अशा किती गाठी तुम्ही काढल्यात, हे सर्जनना नक्की विचारा. निर्णय त्यावर फिरतो.

मी गॅमा नाइफ घेतलं. सहा महिन्यांच्या स्कॅनमध्ये गाठ २ मिमी मोठी दिसली आणि घरात रडारड झाली. किरणांनंतर पहिलं वर्ष-दीड वर्ष अशी सूज येऊ शकते, हे आम्हाला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. पुढच्या वर्षी ती आक्रसली. गालाचा बधिरपणा मात्र अजून आहे, आणि रात्री झोपताना डोळ्यात मलम घालावंच लागतं.