सातबाऱ्यावरचे नाव आणि जमिनीवरचा हक्क: वाचकांचे प्रश्न

जमिनीचे अभिलेख घरबसल्या पाहता येऊ लागल्यापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचे स्वरूप बदलले आहे. पूर्वी वाचक उतारा कसा मिळवायचा हे विचारत असत. आता उतारा हाती असतो आणि त्यावरच्या नोंदींचा अर्थ विचारला जातो. या अंकासाठी अशाच काही पत्रांची निवड केली आहे.

प्रश्न: माझे वडील 2012 साली वारले. सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी त्यांच्या नावे तीन गटांत शेतजमीन होती. आम्ही दोघी बहिणी लग्नानंतर गुजरातेत राहतो, भाऊ गावी शेती पाहतो. नुकताच महाभूलेख संकेतस्थळावर सातबारा पाहिला, तर तिन्ही गटांवर फक्त भावाचे नाव दिसले. आमचा हक्क गेला असे समजायचे का?
– एक भगिनी, बडोदे

उत्तर: तसे मुळीच समजू नये, आणि भावाशी बोलणे तोडण्याआधी पूर्ण अभिलेख वाचावा. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 157 नुसार त्यातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, परंतु केवळ नोंद झाल्याने मालकी मिळत नाही आणि नोंद नसल्याने ती जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत स्पष्ट केले आहे. आपल्याला हिंदू उत्तराधिकार कायदा लागू असेल आणि वडिलांनी मृत्युपत्र केलेले नसेल, तर त्यांच्या मृत्यूबरोबरच मुली, मुलगा आणि आई हयात असल्यास आई, असे सर्वजण वारस झाले. जमीन वडिलोपार्जित असेल तर 2005 च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः मुलाइतकाच हिस्सा दिला आहे, आणि त्यासाठी त्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली ठरवले आहे.

आता उताऱ्याकडे वळू. सातबाऱ्याच्या वरच्या भागात, म्हणजे गाव नमुना सातमध्ये, भोगवटादाराच्या (जमीन धारण करणाऱ्याच्या) नावांखेरीज 'इतर हक्क' असा एक स्वतंत्र रकाना असतो. मुलींची नावे भोगवटादारांच्या ओळीत न घेता या रकान्यात टाकण्याची पद्धत अनेक गावांत वर्षानुवर्षे चालत आली आहे, आणि पडद्यावर उतारा पाहणारे बहुतेक जण तिथपर्यंत पोहोचतच नाहीत. आपली नावे तिथे असतील तर आपण वारस असल्याचे अभिलेखानेच मान्य केले आहे. मग आपले काम पुष्कळ सोपे होते.

नावे तिथेही नसतील, तर भावाच्या नावाशेजारी दिलेला फेरफार क्रमांक लिहून घ्यावा. खरी माहिती त्या फेरफारात, म्हणजे गाव नमुना सहामध्ये असते. संगणकीकरणानंतरचा फेरफार डिजिटल सातबाराच्या संकेतस्थळावर शुल्क भरून मिळतो. जुने हस्तलिखित फेरफार स्कॅन झालेले असल्यास 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर सापडतात, आणि तिथे नसल्यास तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून नक्कल मागावी लागते. त्याबरोबरच वडिलांच्या खात्याचा 8अ पाहावा. त्यात एका खात्यावरचे गावातील सर्व गट एकत्र दिसतात, त्यामुळे आपल्या स्मरणात असलेल्या तीन गटांखेरीज चौथा एखादा असला तर तोही लक्षात येतो.

पुढची वाट फेरफाराचा मजकूर ठरवील. भावाचे नाव 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणून लागले असेल तर ते सर्वांच्या वतीने आहे. हा शेरा कमी करून सर्व वारसांची नावे लावण्यासाठी ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन अर्ज करता येतो. फेरफारात हक्कसोडपत्राचा उल्लेख असेल, तर त्याचा दस्त क्रमांक घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रत काढावी आणि त्यावरची सही आपली आहे का, हे आपल्या डोळ्यांनी पाहावे. साध्या कागदावर घेतलेल्या सहीने स्थावर मालमत्तेतील हक्क सुटत नाही. त्यासाठी नोंदणीकृत दस्त लागतो. वारस नोंद करतानाच आपल्याला वगळले असेल, तर त्या फेरफाराविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करावे. त्याची मुदत 60 दिवसांची आहे, मात्र विलंबाचे समाधानकारक कारण दिल्यास तो माफ होऊ शकतो, आणि आपल्याला नोटीसच मिळाली नव्हती हे असे एक कारण ठरू शकते. अशा प्रकरणात पुष्कळ जण कलम 155 खाली दुरुस्तीचा अर्ज करतात आणि त्यात महिने घालवतात. ते कलम लेखनप्रमादापुरते आहे. वारसाचा वाद त्यात सुटत नाही. वाद हक्काचाच असेल तर वाटपाचा दावा दिवाणी न्यायालयात करावा लागतो. आपल्या पत्रावरून भावाचा विरोध आहे की नाही हे कळत नाही. त्याची संमती असल्यास वारस नोंदीतील हा दोष सामोपचाराने पुष्कळ लवकर दूर होऊ शकतो, म्हणून प्रथम त्यालाच विचारावे, असे मनापासून सुचवतो.

प्रश्न: पुण्याजवळ पाच गुंठ्यांचा तुकडा घेण्याचा विचार आहे. विक्रेत्याने सातबाऱ्याची छापील प्रत दिली. संकेतस्थळावर मीही तोच सातबारा पाहिला आणि त्यावर त्याचे नाव आहे. एवढी खात्री पुरेशी आहे का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर: पुरेशी नाही. विनामूल्य दिसणारा उतारा केवळ माहितीसाठी असतो. 15 रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा आपण स्वतः काढावा, आणि विक्रेत्याने दिलेल्या प्रतीवरचा पडताळणी क्रमांक संकेतस्थळावर घालून ती प्रत खरी आहे का, हेही तपासावे. उताऱ्यावर नावाच्या आधी भोगवटादाराचा वर्ग पाहावा. वर्ग 2 असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अशा जमिनीचे हस्तांतरण होत नाही. इतर हक्कांत कुळाचे नाव, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, भूसंपादनाचा अथवा पुनर्वसनाचा शेरा, कलम 36अ चा आदिवासी जमिनीबाबतचा शेरा, यांपैकी काही आहे का ते ओळ न ओळ वाचावे. उताऱ्यावर प्रलंबित फेरफार दाखवलेला असेल तर त्याचा तपशील कळेपर्यंत एक रुपयाही इसार देऊ नये.

मात्र आपल्या पत्रात मला सर्वांत अधिक खटकले ते 'पाच गुंठे'. तुकडेबंदी कायद्याने ठरवलेल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकड्याच्या व्यवहारावर बंधने आहेत. त्या भागाला सध्या कोणता नियम आणि कोणती सवलत लागू आहे, हे तहसील कार्यालयातून लेखी माहिती घेऊन ठरवावे, दलालाच्या सांगण्यावरून नव्हे. असे तुकडे पुष्कळदा सामाईक सातबाऱ्यावर विकले जातात. त्यात आपले नाव वीस-पंचवीस जणांच्या रांगेत लागते, पण आपला तुकडा गटाच्या नकाशात कोठेच स्वतंत्र दिसत नाही, आणि पुढे बांधकामाची परवानगी, कर्ज किंवा पुनर्विक्री यांपैकी प्रत्येक वेळी इतर सहधारकांचा प्रश्न उभा राहतो. महाभूनकाशावर गट क्रमांक घालून पाहिल्यास विक्रेता दाखवतो तो रस्ता नकाशात आहे की केवळ जागेवर मुरूम टाकून केलेला आहे, हेही समजते.

यानंतर नोंदणी विभागाच्या ई-सर्च सेवेकडे वळावे. सातबारा महसूल खात्याचा, तर खरेदीखत, गहाणखत, विकसन करार यांची नोंद दुय्यम निबंधकाकडे. झालेला प्रत्येक व्यवहार सातबाऱ्यावर आलाच असेल असे नाही. ई-सर्चवर जिल्हा, गाव, वर्ष आणि गट क्रमांक दिला की नोंदवलेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू), म्हणजे प्रत्येक दस्ताचा गोषवारा, दिसते. मुंबईचे दस्त 1985 पासूनचे आणि उर्वरित महाराष्ट्राचे 2002 पासूनचे तिथे पाहता येतात. त्यामागचा शोध कार्यालयात जाऊन घ्यावा लागतो. शोध प्रत्येक वर्षासाठी वेगळा घ्यावा, आणि गट क्रमांक हिश्शासह व हिश्शाविना, अशा दोन्ही प्रकारे घालून पाहावा, कारण दस्तात तो ज्या रीतीने टंकलिखित झाला असेल तसाच तो सापडतो. मूळ कागद बँकेत ठेवून काढलेल्या कर्जाची 'नोटीस ऑफ इंटिमेशन' 2013 पासून नोंदवावी लागते, तीही याच शोधात दिसू शकते. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घेण्याचा प्रघात आहे, तो खर्च वाचवू नये.

प्रश्न: आमच्या जुन्या कागदांत जमीन एक एकर आहे. ऑनलाइन उताऱ्यावर क्षेत्र 0.40.50 दिसते. जमीन कमी झाली का?
– एक वाचक, परभणी

उत्तर: कमी झालेली नाही. हे आकडे अनुक्रमे हेक्टर, आर आणि चौरस मीटर यांचे आहेत. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, म्हणून आपले क्षेत्र 4,050 चौरस मीटर होते, आणि एक एकर म्हणजे सुमारे 4,047 चौरस मीटर. आर आणि गुंठा जवळजवळ सारखे असले तरी एक नव्हेत, गुंठा 101.17 चौरस मीटरचा, म्हणजे 1,089 चौरस फुटांचा असतो. बांधाविषयी शंका असेल तर ती पडद्यावरच्या नकाशाने मिटणार नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करून मोजणी नकाशाची 'क' प्रत घ्यावी.

प्रश्न: डिचोली तालुक्यात आमच्या आजोबांची जमीन आहे, आम्ही तिसरी पिढी मुंबईत आहोत. गोव्याच्या जमिनीचा सातबारा कोठे पाहायचा?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर: गोव्यात सातबारा नाही, तेथे नमुना 1 आणि 14 असतो, ज्याला गोव्यात 'फॉर्म वन अँड फोर्टीन' म्हणतात. गाव, सर्व्हे क्रमांक आणि उपविभाग माहीत असल्यास तो गोवा शासनाच्या संकेतस्थळावर पाहता येतो. त्यात कब्जेदाराचे आणि कुळाचे नाव अवश्य पाहावे. हा अभिलेख 1968 च्या जमीन महसूल संहितेखाली तयार झाला. त्याआधीचा मालकीचा धागा पोर्तुगीज काळातील जमीन नोंदणीत शोधावा लागतो, आणि ती कागदपत्रे पोर्तुगीज भाषेत आहेत. गोव्याच्या नागरी कायद्यात सर्वसाधारणपणे पती-पत्नी दोघांचाही मालमत्तेत वाटा असतो आणि वारसांमधील वाटणी इन्व्हेंटरीच्या, म्हणजे मालमत्तेची यादी करून न्यायालयात चालणाऱ्या, कार्यवाहीने होते, त्यामुळे महाराष्ट्राचा अनुभव असलेल्या वकिलावर अवलंबून न राहता गोव्यातील वकिलाचाच सल्ला घ्यावा.

प्रश्न: मी नोकरीनिमित्त दुबईत असतो. माझ्या जमिनीवर परस्पर कोणी नोंद करत आहे का, हे दुरून कसे कळेल?
– एक वाचक, मूळ गाव अहिल्यानगर जिल्ह्यात

उत्तर: 'आपली चावडी' या ऑनलाइन सूचना फलकावर गाव निवडले की त्या गावात नोंदीसाठी आलेले फेरफार, त्यांचा प्रकार, गट क्रमांक आणि हरकतीची अंतिम तारीख दिसते. हरकतीसाठी 15 दिवस मिळतात, म्हणून महिन्यातून एकदा पाहणे उपयोगाचे नाही; दर आठवड्याला पाहावे. वारस किंवा बोजा यांच्या नोंदी अर्जावरून होतात, तर नोंदणीकृत दस्ताची माहिती दुय्यम निबंधकाकडून थेट महसूल प्रणालीत जाते, त्यामुळे दोन्ही प्रकारचे फेरफार तिथे शोधावेत. आपला गट दिसला तर तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, मुदतीत लेखी हरकत जायला हवी. दूरध्वनीवर सांगितलेली हरकत ग्राह्य धरली जात नाही. लेखी हरकत आल्यावर तो फेरफार तक्रार नोंदवहीत जातो आणि सुनावणी होईपर्यंत प्रमाणित होत नाही. गावातील एखाद्या विश्वासू नातेवाइकाला केवळ हरकत दाखल करण्यापुरते आणि सुनावणीला हजर राहण्यापुरते मर्यादित मुखत्यारपत्र देऊन ठेवावे. त्यात विक्रीचा किंवा गहाणाचा अधिकार चुकूनही येऊ देऊ नये. हरकतीसोबत चालू सातबारा आणि मालकीच्या दस्ताची प्रत जोडावी आणि दाखल केल्याची तारखेसह पोच घ्यावी.