बुद्ध्यांक चाचणीचे दोन वेगळे आकडे आले, तर कोणता खरा मानायचा?

तुमचा प्रश्न असा आहे: चौथीतल्या मुलाला वाचन जमत नाही, म्हणून शाळेच्या सांगण्यावरून त्याची बुद्ध्यांक चाचणी केली. आकडा 84 आला आणि “85 च्या खाली आहे, त्यामुळे अध्ययन अक्षमतेची (बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित न जमण्याची) पुढची तपासणी होणार नाही,” असे तुम्हाला सांगण्यात आले. आठ महिन्यांनी दुसरीकडे वेगळी चाचणी केली, तेव्हा 93 आला. यातला खरा आकडा कोणता, आणि अशा आकड्यावर मुलाला शाळेत मिळणारी सवलत ठरवणे न्याय्य आहे का? मी शालेय वयाच्या मुलांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेते. हा प्रश्न माझ्यासमोर वारंवार येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

हे दोन आकडे एकमेकांना खोटे पाडत नाहीत. कोणत्याही चाचणीच्या गुणांत मापनाची चूक मिसळलेली असते. मुलाची त्या दिवशीची झोप, अनोळखी खोलीचे दडपण, प्रश्नांची निवड, तपासणाऱ्याने एखाद्या अर्धवट उत्तराला दिलेला किंवा न दिलेला गुण, हे सगळे त्या आकड्यात उतरते. ही चूक किती असू शकते, हे चाचणीच्या विश्वसनीयता गुणांकावरून (पुन्हा मोजल्यावर गुण किती सारखे येतात, हे 0 ते 1 मध्ये सांगणाऱ्या आकड्यावरून) काढता येते. बुद्ध्यांकाची सरासरी 100 आणि प्रमाण विचलन (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचे माप) 15 धरले आणि चाचणीचा विश्वसनीयता गुणांक 0.90 असला (हा चांगला गुणांक मानला जातो), तर मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे या चुकीचे नेहमीचे माप, सुमारे 4.7 गुण येते. बऱ्यापैकी खात्री हवी असेल, तर दोन्ही बाजूंना याच्या साधारण दुप्पट जागा सोडावी लागते. म्हणजे 84 या आकड्याचा प्रामाणिक अर्थ “साधारण 75 ते 93 च्या दरम्यान” एवढाच होतो. दोन चाचण्यांची तुलना करताना दोन्हींच्या चुका एकत्र येतात, त्यामुळे अशा दोन गुणांमधला फरक सुमारे 13 पेक्षा मोठा असल्याशिवाय तो खरा फरक आहे असे खात्रीने म्हणता येत नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत फरक 9 चा आहे. शिवाय ठोकळे जुळवण्यासारखी कामे मूल दुसऱ्यांदा करते, तेव्हा सरावानेही काही गुण वाढतात.

अहवालात केवळ आकडा लिहिणे आणि ही मर्यादा न लिहिणे, याला मी गंभीर दोष मानते. या एका गोष्टीवर अमेरिकेत माणसाच्या जगण्यामरण्याचा निकाल लागला आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीला तिथे फाशी देता येत नाही. पण फ्लोरिडा राज्याने 70 ही कडक रेषा आखली होती आणि फ्रेडी ली हॉल या कैद्याचा एका चाचणीतला बुद्ध्यांक 71 होता, म्हणून इतर कोणताही पुरावा पाहायला राज्य तयार नव्हते. 2014 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही रेषा घटनाबाह्य ठरवली, कारण तिच्यात मापनाची प्रमाण त्रुटी विचारात घेतलेली नव्हती. एका गुणाने फाशी ठरू नये, तर एका गुणाने मुलाची तपासणीही अडू नये, असे मला मनापासून वाटते.

आता न्याय्यतेविषयी. विश्वसनीय चाचणी आपोआप न्याय्य होत नाही. एखादी चाचणी एखाद्या मुलाला दर वेळी तेवढेच कमी गुण देत असेल, तर ती पूर्ण विश्वसनीय आहे आणि तरीही अन्याय करणारी आहे. त्यामुळे प्रमाणके, म्हणजे मुलाचे गुण ज्यांच्याशी ताडून पाहतात ते त्या वयाच्या मुलांचे गुण, कोणत्या मुलांवरून आणि कोणत्या साली तयार केली, हे विचारलेच पाहिजे. आपल्याकडे या कामाची परंपरा जुनी आहे. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे कन्नड आणि मराठी रूपांतर वि. वि. कामत यांनी 1930 च्या दशकात धारवाड भागातल्या मुलांवर केले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वेक्स्लर यांच्या मुलांसाठीच्या बुद्ध्यांक चाचणीचे भारतीय रूपांतर मालिन यांनी 1960 च्या दशकात नागपुरात केले, आणि ते आजही सर्रास वापरले जाते. ही कामे मोलाची होती, पण प्रमाणके जुनी होतात. संशोधक जेम्स फ्लिन यांनी 1984 साली दाखवून दिले की अमेरिकेत लोकांचे गुण दर दशकाला सुमारे 3 ने वाढत गेले होते. म्हणजे जुन्या प्रमाणकांवर आजचे मूल आहे त्यापेक्षा वरचे दिसू शकते. त्यामुळे 93 हा आकडा हवाहवासा वाटला, तरी तोच खरा असे मी म्हणणार नाही. ती चाचणी कोणत्या प्रमाणकांवर तपासली, हे आधी पाहावे लागेल.

भाषेचा प्रश्न तर याहून अवघड आहे. धुळ्याकडून आलेला एक मुलगा माझ्यासमोर शब्दार्थाच्या प्रश्नांना गप्प बसत असे. घरात अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी आणि मी बोलत होते ती तिसरीच मराठी. प्रमाणित पद्धतीने चाचणी पूर्ण केल्यावर मी त्याच्या आईला तेच शब्द अहिराणीतून विचारायला सांगितले, तेव्हा त्याने हाताने करून दाखवत भराभर उत्तरे दिली. त्या उत्तरांचे गुण मी देऊ शकत नव्हते, कारण पद्धत मोडली की प्रमाणके लागू होत नाहीत. पण अहवालात ते सविस्तर लिहिले, आणि शाब्दिक गुणांवरून निष्कर्ष काढू नये असेही लिहिले. इंग्रजी माध्यमातल्या मराठी मुलांचे याच्या उलट होते. अंकस्मरणाच्या (ऐकलेले अंक लक्षात ठेवून परत सांगण्याच्या) चाचणीत त्यांना “सात, चार, नऊ” ऐकून आधी मनात “सेवन, फोर, नाइन” करावे लागते, आणि त्या खटाटोपात स्मरणाचेच गुण जातात.

तुमच्या मुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला आणि 2018 साली केंद्राने मूल्यमापनाची जी पद्धत घालून दिली, तिच्यात बुद्ध्यांक 85 च्या वर असल्यावर निमहान्स या बेंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या चाचणीसंचाने पुढची तपासणी करायची, असा क्रम होता. पण ज्या मुलाला वाचता येत नाही, त्याचे सामान्यज्ञान आणि शब्दसंग्रह वाचनाअभावीच मागे पडतात. अंकस्मरण, अंकगणित, चिन्हे भराभर उतरवून काढणे यांतही अशी मुले अनेकदा कमी पडतात. म्हणजे ज्या अडचणीसाठी मदत मागायची, तीच अडचण एकूण बुद्ध्यांक खाली ओढते आणि मदतीचे दार बंद करते. माझ्या मते ही त्या पद्धतीतली सर्वांत मोठी उणीव आहे.

म्हणून लगेच तिसरी चाचणी करू नका; सरावाचा परिणाम वाढेल आणि हाती आणखी एक आकडा येईल, एवढेच. दोन्ही ठिकाणांहून उपचाचण्यांचे (चाचणीतल्या शब्दार्थ, अंकस्मरण, ठोकळे अशा भागांचे) वेगवेगळे गुण लेखी मागा. चाचणीचे नाव, प्रमाणकांचे वर्ष, चाचणी कोणत्या भाषेत घेतली आणि गुणांची त्रुटिमर्यादा किती, हेही मागा. पालक म्हणून तो तुमचा हक्क आहे. आकृत्या आणि ठोकळ्यांच्या कामांत गुण चांगले आणि शाब्दिक कामांत कमी असतील, तर तो नमुना एकूण आकड्यापेक्षा पुष्कळ जास्त सांगतो. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र देणाऱ्या रुग्णालयात सध्या लागू असलेला नियम विचारा आणि दोन्ही अहवाल, मुलाच्या वह्या व वर्गशिक्षकांची लेखी निरीक्षणे बरोबर न्या. प्रमाणपत्र मिळेपर्यंत वाचनाचे उपचारात्मक अध्यापन थांबवण्याचे काहीही कारण नाही. त्यासाठी कोणताही बुद्ध्यांक लागत नाही, आणि चौथीत ते सुरू होणे हे सातवीत सुरू होण्यापेक्षा कितीतरी बरे.