बॅक्टेरियाला पण इम्युनिटी असते का? आणि तिचा जीन एडिटिंगशी काय संबंध?

हो, असते. आणि त्याचा पक्का पुरावा दह्याच्या बॅक्टेरियातच मिळाला.

मी सोलापुरात एका छोट्या डेअरीत दह्याचं काम बघायचो. एकदा सलग तीन दिवस दही लागलंच नाही, विरजण तेच, तापमान तेच, तरी डब्यात नुसतं पाणचट दूध. आधी सगळे दूधवाल्यावर घसरले, पण तपासल्यावर निघाला फाज, म्हणजे बॅक्टेरियाला होणारा व्हायरस. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात बसलाय.

दह्यात स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस नावाचा बॅक्टेरिया असतो. २००७ मध्ये डॅनिस्को कंपनीतल्या बरांगू आणि होरवाथ यांच्या टीमनं त्याच्यावर मुद्दाम फाज सोडला. बहुतेक मेले, पण जे थोडे वाचले त्यांच्या डीएनएमध्ये त्या फाजचाच एक छोटा तुकडा नव्यानं येऊन बसला होता! तो तुकडा काढला की इम्युनिटी गेली, परत घातला की आली. हे तुकडे ज्या जागी ओळीनं साठतात तिलाच क्रिस्पर म्हणतात. तिथली सारखी सारखी येणारी डीएनएची अक्षरं जपानचे शास्त्रज्ञ इशिनो यांना १९८७ मध्येच दिसली होती, पण मधले तुकडे व्हायरसचे आहेत हे स्पेनचे शास्त्रज्ञ मोहिका यांनी ओळखलं, तेही मिठागरातल्या जंतूंवर वर्षानुवर्षं काम करून.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट ही वाटते की आपल्याला कांजिण्या झाल्या तर ती आठवण आपल्यासोबतच जाते, पोरांना मिळत नाही. बॅक्टेरियाची आठवण डीएनएमध्येच लिहिलेली, त्यामुळे पुढच्या पिढ्यांना आयती मिळते.

आता जीन एडिटिंग, म्हणजे डीएनएत हवा तो बदल करणं. त्या तुकड्याची आरएनए (डीएनएसारखाच एक रेणू) प्रत बनते, ती कॅस९ नावाच्या प्रोटीनला रस्ता दाखवते आणि जिथं २० अक्षरं जुळतील तिथं कॅस९ अडकित्त्यासारखं डीएनए तोडतं. मग बॅक्टेरियाच्या क्रिस्परमधला स्वतःचाच साठा का नाही तोडत? कारण जुळणाऱ्या जागेला लागून एक तीन अक्षरी खूण लागते (शेवटची दोन अक्षरं जी-जी), ती व्हायरसमध्ये असते, साठ्यात नसते. २०१२ मध्ये शारपेंतिए आणि डाउडना या शास्त्रज्ञांनी दाखवलं की गाइड आरएनए (ती रस्ता दाखवणारी प्रत) आपण हवा तसा लिहिला की कॅस९ आपण सांगू तिथं कापतं, त्याचं २०२० चं केमिस्ट्रीचं नोबेल. कापल्यावर पेशी घाईत सांधते, त्यात चूक होते आणि तो जीन बंद पडतो, किंवा सोबत नमुना दिला तर त्याप्रमाणे दुरुस्त होतो.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरचं कॅसजेव्ही नावाचं औषध याच तत्त्वावर आहे, ब्रिटननं नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केलं. पेशंटच्या रक्ताच्या मूळ पेशी बाहेर काढून, जन्मानंतर बंद होणारं गर्भातलं हिमोग्लोबिन परत सुरू होईल असा काप देतात आणि पेशी परत अंगात सोडतात. अजून प्रचंड महाग आहे, आणि आधी केमो घ्यावी लागते. विदर्भात, नंदुरबारकडं सिकलसेलचे इतके पेशंट आहेत, त्यांच्यापर्यंत हे लवकर पोचावं असं मनापासून वाटतं.