१० वर्षं वायरमनचं काम केलंय, डिग्रीला त्याचे क्रेडिट मिळतात का?

मिळू शकतात, पण नुसत्या वर्षांचे नाही, परीक्षण झालं तरच. २०२३ च्या नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्कमध्ये (शिक्षणाचे क्रेडिट कसे मोजायचे त्याची देशपातळीवरची चौकट) ३० तासांचं शिक्षण म्हणजे १ क्रेडिट आणि वर्षाचे साधारण ४० असा हिशोब आहे, त्यात कामाचा अनुभवही धरलाय, फक्त तुम्हाला काय येतं ते कुणीतरी अधिकृतपणे तपासलं पाहिजे. याला आरपीएल म्हणतात, म्हणजे रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग, आधी शिकलेल्याची मान्यता.

माझ्या मामेभावाचं असंच झालं, हातात पक्कड घेऊन पॅनेलची वायरिंग करून दाखवायला लावली, अर्थिंग कसं तपासतोस विचारलं, ते त्याला झोपेतही येतं, पण एवढ्या वर्षांत कामाचा एक कागद जपून ठेवला नव्हता आणि मग जुन्या ठेकेदारांच्या दारात पत्रांसाठी चकरा. तुम्ही आत्ताच अनुभवपत्रं, लायसन्स, साइटचे फोटो गोळा करा.

डिजिलॉकरवरून अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा, आयडी काढून ठेवा, आणि फी भरायच्या आधी कॉलेजला लेखी विचारा की आरपीएलचे किती क्रेडिट धराल, कारण शेवटी विद्यापीठच ठरवतं. दहावीनंतर २ वर्षांचा आयटीआय झाला असेल तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाचाही रस्ता बघा, मला तो जास्त खात्रीचा वाटतो.