पायथॉनमध्ये काढलेला रिस्पॉन्स स्पेक्ट्रम सॉफ्टवेअरच्या आलेखाशी का जुळत नाही?

तुम्ही कॅलिफोर्नियातल्या एल सेंट्रोच्या भूकंपनोंदीचा ५ टक्के डॅम्पिंगचा (हलणं शमवणाऱ्या विरोधाचा) रिस्पॉन्स स्पेक्ट्रम, म्हणजे त्या भूकंपात कुठली रचना जास्तीत जास्त किती हलेल याचा आलेख, पायथॉनमध्ये काढलात, तीच फाईल सीस्मोसिग्नल या भूकंपनोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलीत आणि दोन वेगळे आलेख आले. कुठला खरा, हा तुमचा प्रश्न. माझं उत्तर: आधी दोन्हींचं डावं टोक बघा.

आडव्या अक्षावर आवर्तनकाल असतो, म्हणजे रचनेला एक पूर्ण झोका घ्यायला लागणारा वेळ. तो शून्याजवळ म्हणजे इतकी ताठ रचना, की ती जमिनीबरोबरच हलते. त्यामुळे तिथलं त्वरण नोंदीतल्या सर्वांत मोठ्या त्वरणाएवढं, म्हणजे पीजीएएवढं यायलाच हवं. १९४० च्या एल सेंट्रोचा पाठ्यपुस्तकांत वापरतात तो उत्तर-दक्षिण घटक घेतला असेल, तर हा आकडा सुमारे ०.३२ जी (जी म्हणजे गुरुत्वीय त्वरण). तुमचा आलेख ३.१ पासून सुरू होत असेल तर तुम्ही मीटर-सेकंदात आहात, ३१३ पासून होत असेल तर गॅलमध्ये, म्हणजे सेंटिमीटर-सेकंदात. यातलं काहीच नसेल तर फाईल वाचतानाच गडबड झाली आहे, किंवा दोन ठिकाणी नोंदीच्या दोन वेगळ्या आवृत्त्या आहेत. एल सेंट्रोच्या वेगवेगळ्या पद्धतीने दुरुस्त केलेल्या बऱ्याच फाईली फिरत असतात.

फाईल वाचण्याची चूक मी स्वतः केली आहे, एम.टेक.ला असताना. पीअर या भूकंपनोंदींच्या संग्रहातल्या एटी२ फाईलमध्ये वर चार ओळी माहितीच्या असतात आणि मग एका ओळीत पाच-पाच आकडे. ते डावीकडून उजवीकडे वाचत जायचे असतात. मी फक्त पहिला रकाना उचलला. ४० सेकंदांची नोंद ८ सेकंदांची झाली, प्रत्येक लाट पाचपट वेगवान झाली आणि सगळा स्पेक्ट्रम डावीकडे सरकला. दिसायला मात्र आलेख अगदी व्यवस्थित होता. सरांनी तो बाजूला ठेवला आणि एवढंच विचारलं, "नोंद किती सेकंदांची आहे?" तेव्हापासून मी आधी नुसतं त्वरण आणि वेळ काढून बघतो, शेवटचा बिंदू कितव्या सेकंदाला आहे ते तपासतो, मगच पुढे जातो.

आता गणित. प्रत्येक आवर्तनकालासाठी एक वस्तुमान, एक स्प्रिंग, एक डॅम्पर. त्याला नोंदीने हलवायचं, जमिनीच्या तुलनेत ते जास्तीत जास्त किती सरकलं ते टिपायचं आणि त्याला कोनीय वारंवारतेच्या वर्गाने गुणायचं, की स्यूडो-त्वरण मिळतं. हे सोडवायला न्यूमार्क पद्धत चालते, पण मी निगम आणि जेनिंग्ज यांची १९६९ ची पद्धत वापरतो. दोन बिंदूंमध्ये त्वरण सरळ रेषेत बदलतं एवढंच त्यात गृहीत धरलेलं असतं. पुढचं उत्तर अचूक असतं. टाइम स्टेप, म्हणजे दोन बिंदूंमधला वेळ, एकसारखी असेल तर गुणांक दर आवर्तनकालाला एकदाच काढावे लागतात.

तरीही लहान आवर्तनकालांना एक धोका राहतो. टाइम स्टेप ०.०२ सेकंद आणि आवर्तनकाल ०.१ सेकंद असेल, तर एका आवर्तनात पाचच बिंदू पडतात. खरं शिखर दोन बिंदूंच्या बरोबर मध्ये आलं, तर तुम्ही ते १९ टक्क्यांपर्यंत कमी मोजता. नोंदीचे मधले बिंदू सरळ रेषेने भरून स्टेप बारीक करा. दोन आलेख फक्त डावीकडेच जुळत नसतील तर मला पहिला संशय याचाच येईल.

उजवीकडे, म्हणजे दोन-तीन सेकंदांच्या पुढे फरक असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये बेसलाइन करेक्शन (नोंदीची सरकलेली शून्यरेषा सरळ करणं) किंवा फिल्टर चालू आहे का ते बघा. शिवाय नोंद संपली तरी लांब आवर्तनकालाची रचना डोलत असते. शेवटी काही सेकंद शून्यं जोडा.

पडताळ्यासाठी पाठ्यपुस्तकी नोंदीचे हे आकडे घ्या. २ टक्के डॅम्पिंगला विस्थापन अर्ध्या सेकंदाला ६.८ सेंमी, १ सेकंदाला १५.२ सेंमी, २ सेकंदांना १९ सेंमी. हे तीन जुळले की तुमचा प्रोग्रॅम निर्धास्त वापरा.

आयएस १८९३ या भूकंपविषयक भारतीय मानकातल्या वक्राशी तुलना करणार असाल तर २.५ चा सपाट भाग थेट ठेवू नका. तो पीजीएच्या पटीत आहे, आधी झेडने, म्हणजे त्या भागाच्या भूकंपझोनच्या गुणांकाने, गुणा. आणि आरने (रचनेच्या लवचीकतेमुळे भार कमी धरण्याच्या गुणांकाने) भागलेला डिझाइनचा वक्र तर प्रत्यक्ष नोंदीशेजारी कधीच ठेवू नका.

एल सेंट्रो झाल्यावर कोयनेची नोंद घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे धरणाच्या गॅलरीतल्या यंत्राने ती टिपली: धरणाच्या लांबीच्या दिशेने ०.६३ जी, नदीच्या दिशेने ०.४९ जी. तोवर हा भाग भूकंपमुक्त समजला जाई, आणि धरणाच्या डिझाइनमध्ये भूकंप गुणांक धरला होता ०.०५. नदीच्या दिशेच्या घटकाचा स्पेक्ट्रम काढा आणि ०.३३ सेकंदावर उभी रेघ मारा. रिकाम्या धरणाच्या उंच मोनोलिथचा (धरण ज्या उभ्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचं बनलेलं असतं त्यातल्या एकाचा) मूळ आवर्तनकाल साधारण तेवढा येतो. त्याच आलेखावर ०.०५ ची आडवी रेघही काढा. धरणाच्या प्रवाहाखालच्या (डाउनस्ट्रीम) बाजूच्या भिंतीचा उतार जिथे बदलतो, तिथे मोनोलिथना तडे का गेले ते त्या दोन रेघांमधल्या अंतरात दिसेल.